डिग्रीझिंगच्या आधी काय: थिनरने पुसायचं की अल्कलीची प्री-डिप?

सात टाक्यांची पावडर कोटिंग लाइन (पावडरचा रंग चढवण्याआधी पत्रा धुऊन त्यावर फॉस्फेटचा थर देणारी) चालवणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. सीआरसी म्हणजे कोल्ड रोल्ड पत्र्याचे जॉब आरपी ऑइलने, म्हणजे गंजरोधक तेलाने, माखून येतात, प्रेसवरून आलेल्या कपांचं ड्रॉइंग ऑइल त्याहून चिवट असतं, आणि एकटी डिग्रीझिंगची, म्हणजे तेल काढण्याची, टाकी हे सगळं पेलत नाही. मग एकतर बनियन वेस्टला (होजिअरीच्या चिंध्यांना) थिनर किंवा एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन) लावून जॉब पुसून घ्यायचा, नाहीतर डिग्रीझिंगच्या आधी गरम अल्कलीची एक जादा टाकी, म्हणजे प्री-डिप, बसवायची. भोसरीत मी दोन्ही चालवून पाहिलं आहे.

जुनी मंडळी तिसरा मार्ग सांगतील, ट्रायची वाफ. ८७ अंशांना उकळणारं ट्रायक्लोरोइथिलीन बारीक भोकांतलंही तेल काढतं, हे खरं आहे. पण आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. आपली पोरं दिवसभर त्या टाकीशेजारी उभी राहतात. माझ्यासाठी तो विषय तिथेच संपला.

थिनरच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. सुरुवातीला खर्च नाही, हिटर नाही, आजच्या आज सुरू करता येतं. परमनंट मार्करचं लिखाण, स्टिकरचा गोंद, बफिंगचं मेण या गोष्टी अल्कलीला दाद देत नाहीत, थिनरने निघतात. महिन्याला थोडेच नग आणि तेही सपाट पत्र्याचे असतील, तर जादा टाकीचा घाट घालण्याची गरज आहे असं मला वाटत नाही.

माझा निर्णय मात्र एकाच त्रासाने झाला. पुसलेल्या लॉटमधला दोष दर नगाला वेगळ्या जागी असतो. डिग्रीझिंगनंतर रिन्समधून (साध्या पाण्याच्या टाकीतून) जॉब वर आला की पाण्याचा पापुद्रा पत्र्यावर निदान तीसेक सेकंद अखंड राहायला हवा; फुटला तर तिथे तेल राहिलं आहे. पुसलेल्या लॉटमध्ये एका नगाला दुमडीपाशी पाणी फुटायचं, दुसऱ्याला वेल्डच्या ओळीवर, तिसऱ्याला आतल्या कोपऱ्यात. चौथा अगदी छान. कारण उघड होतं: कापड नवं असताना तेल निघतं, चार-पाच नगांनंतर तेच कापड तेल पसरवायला लागतं. ते कधी बदलायचं हे पुसणाऱ्याच्या हातावर अवलंबून, आणि संध्याकाळचा हात सकाळसारखा नसतो. जिथे तेल राहिलं तिथे फॉस्फेट नीट बसत नाही, आणि हे तपासणीतून सुटलं तर ओव्हनमधून क्रेटर (रंगातले खड्डे) घेऊन बाहेर येतं. मग रंग उतरवा, म्हणजे स्ट्रिप करा, पुन्हा सातही टाक्या फिरवा. रिजेक्शनचा खर्च मी सोसला असता, पण दुरुस्ती नेमकी कुठे करायची हेच कळेना. केमिकल बदलावं, माणूस बदलावा की कापड?

प्री-डिपमध्येही पाणी फुटतं, पण फुटलं तर बहुतेक अख्ख्या लॉटला, एकाच पद्धतीने. म्हणजे कारण टाकीत शोधायचं: तापमान उतरलं, ताकद कमी झाली किंवा वर तेल साचलं. फिनॉल्फ्थॅलीन घालून अल्कलीची ताकद मोजणारं टायट्रेशन घेतलं, थर्मामीटर बघितला की अर्ध्या तासात उत्तर हातात येतं. रिजेक्शनची आकडेवारी मी काटेकोर ठेवलेली नाही, पण स्ट्रिपिंगच्या कोपऱ्यातला ढीग आटला हे शॉपमधल्या प्रत्येकाने पाहिलं.

अल्कलीची कटकट सांगायलाच हवी. सुटलेलं तेल वर तरंगतं आणि जॉब बाहेर काढताना त्या थरातूनच वर येतो, म्हणजे धुतलेल्या पत्र्यावर पुन्हा तेल. म्हणून तेल पोटात धरून ठेवणारं नव्हे, तर वर सोडणारं केमिकल घ्या, टाकीला ओव्हरफ्लोची कड करून घ्या आणि रात्रभर शांत राहिलेल्या टाकीवरचं तेल सकाळी पहिल्या लॉटआधी काढा. दुसरं, तेल निघेना म्हणून कॉस्टिक सोडा वाढवत बसू नका. कॉस्टिक वनस्पतीजन्य तेल-चरबीचा साबण करतं. आरपी ऑइल बहुतांशी खनिज तेल असतं, त्याचा साबण होत नाही. ते सुटतं सर्फॅक्टंटने (तेल पत्र्यापासून सोडवणाऱ्या घटकाने) आणि उष्णतेने. ॲल्युमिनियम किंवा जीआय (जस्ताचा थर असलेला पत्रा) लाइनवर येत असेल तर सौम्य, सिलिकेटवालं केमिकल हवं, नाहीतर तेलाबरोबर धातूही खाल्ला जाईल. वेल्डिंगचे उडालेले थेंब चिकटू नयेत म्हणून मारायचा सिलिकॉनवाला अँटी-स्पॅटर स्प्रे फॅब्रिकेटरला बंदच करायला सांगा, त्याच्यापुढे दोन्ही उपाय हतबल आहेत.

खर्चाचं म्हणाल तर वाटतो तेवढा नाही. अल्कलीला साध्या एमएसची (पोलादाची) टाकी चालते, ॲसिडसारखं अस्तर लागत नाही. पुढची टाकीही अल्कलीचीच, म्हणून मध्ये रिन्स नको. मुख्य डिग्रीझिंगचं बाथ थकलं की तेच प्री-डिपमध्ये घ्यायचं आणि मुख्य टाकीत नवं भरायचं. वीज मात्र लागते, आणि ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर) तेलाचा भार वाढतो. पण थिनरच्या तेलकट चिंध्याही २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यातच मोडतात, त्यासुद्धा तळोजा किंवा रांजणगावच्या केंद्रावर पाठवायच्या असतात. हा खर्च थिनरच्या हिशेबात सहसा कुणी धरत नाही. ओव्हन असलेल्या शेडमध्ये थिनरचे उघडे डबे ठेवण्याची धास्ती तर वेगळीच.

तुमचं काम वेगळं असेल तर निर्णयही वेगळा येऊ शकतो. थिनरचा एक डबा मी अजूनही ठेवतो, मार्कर आणि गोंदापुरता. पण रोज दुमडींचे, वेल्डचे जॉब येत असतील तर मी टाकीकडेच झुकेन. ऑर्डर देण्याआधी तुमचा सगळ्यात तेलकट जॉब सप्लायरकडे न्या, नुकताच प्रेसवरून आलेला नको, महिनाभर पडून तेल घट्ट झालेला. बादलीत ६० अंशांवर, हात न लावता नुसता बुडवून काढायला सांगा. पाण्यातून वर आल्यावर दुमडीपाशी काय होतं ते तिथेच उभं राहून बघा.