डेव्हनपोर्टमधलं ‘टेकडीवरचं घर’ आणि आमचे १९०० डॉलर

आयोवातलं डेव्हनपोर्ट, नाहीतर नदीपलीकडचं मोलीन, या भागात पुण्याहून बदलीवर येणारे मराठी लोक बरेच. बहुतेकांची विमानात बसायच्या आधी घर ठरवून ठेवायची घाई असते. भामटे नेमकं हेच हेरतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

घर शोधताना आम्हाला दोन धास्त्या होत्या. पहिली पाण्याची. मिसिसिपीच्या काठावर असूनही डेव्हनपोर्टने डाउनटाउनला पक्का पूरबांध घातलेला नाही. ३० एप्रिल २०१९ ला तात्पुरता बांध फुटला आणि रस्त्यांवर नदी आली. दुसरी धास्ती जुन्या इमारतींची. २८ मे २०२३ ला तिथल्या सहा मजली अपार्टमेंटचा एक भाग कोसळून तीन रहिवासी गेले. म्हणून चढावरचं, छोटं, स्वतंत्र घर हवं होतं.

ऑनलाइन जाहिरात मिळाली ती अगदी तशीच. ‘मालक’ म्हणे नोकरीसाठी टेक्सासला. आम्ही पुराचं विचारायच्या आत त्यानेच लिहिलं, ‘घर टेकडीवर आहे, २०१९ ला तळघरसुद्धा कोरडं होतं.’ पडलेल्या इमारतीचा विषयही त्यानेच काढला, वर हळहळला. नवीन माणूस कशाला घाबरतो हे त्याला पाठ होतं. भाडं ९५० डॉलर, आसपासच्या तशा घरांपेक्षा तीनएकशे कमी. का? तर ‘पैशापेक्षा घर नीट ठेवणारं कुटुंब हवंय.’ या वाक्याला आपला मध्यमवर्गीय माणूस विरघळणार नाही तर काय!

करारनामाही झोकात. आयोवात दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही, घर सोडून नवा पत्ता कळवला की ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, हे सगळं त्यात बरोबर लिहिलेलं. कायदा खरा, मालक खोटा. एक महिन्याचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं फोनवरून गेलं. किल्ली कुरियरने येणार होती. आधी ‘पाठवली’, मग ‘बर्फामुळे अडकली’, मग नंबरच बंद.

तिथे उतरल्यावर घर बघायला गेलो. घर होतं, पण अंगणात विक्रीची पाटी. जाहिरातीतला फोटो पुन्हा काढून पाहिला: डावीकडची कड कापलेली, पायरीपाशी पांढऱ्या खांबाचं टोक तेवढं राहिलेलं. त्याच पाटीचा खांब. विक्रीच्या जाहिरातीतले फोटो उचलून भाड्याला लावले होते. घर दाखवायला आलेल्या एजंटबाईंना आश्चर्यही वाटलं नाही, याआधीही एक कुटुंब येऊन गेलं म्हणाल्या.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, परत आणता येणार नाहीत. पोलिसांनी तक्रार नीट लिहून घेतली, एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या साइटवरही नोंदवली. पुढे काही झालेलं नाही.

आता कामाचं. स्कॉट काउंटीच्या साइटवर मालमत्तेची नोंद फुकट बघता येते. पत्ता टाकला की मालकाचं नाव दिसतं. मोलीनसाठी रॉक आयलंड काउंटीची साइट. नाव जुळलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, काही ठग खऱ्या मालकाचंच नाव लावतात. तोच पत्ता विक्रीला आहे का तेही शोधा. आणि ऑफिसातल्या कुणाला तरी, ओळख नसली तरी, आत जाऊन बघून यायला सांगा, लोक जातात. आम्ही नंतर विचारलं तेव्हा एक सहकारी शनिवारी तीन घरं बघून आला आणि एका तळघराच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ आहे हेही सांगितलं. सध्या राहतो ते घर त्यानेच पाहिलेलं. पैसे किल्ली हातात आल्यावर दिले, चेकने.

परवा तेच स्वयंपाकघर, तेच पिवळे पडदे पुन्हा दिसले. या वेळी घर पिओरियातलं म्हणे, भाडं ८७५. जाहिरात रिपोर्ट केली आहे, पण तिकडे बदली झालेल्या कुणाला ती दिसली तर मालक सध्या कुठल्या राज्यात आहे ते आधी विचारा.