एक्स-विंगच्या प्रतिकृतीचे ओतीव इंजिनभाग : कोल्हापुरातून एक परीक्षण

१९७७ सालच्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातील एक्स-विंग यानाच्या प्रतिकृतीसाठी एका लहान उत्पादकाकडून मागवलेला रेझिनच्या (साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवाच्या) इंजिनभागांचा संच मी शिरोली एमआयडीसीत लोखंडी कास्टिंग तपासतो त्याच पद्धतीने तपासला : आधी उघड्या डोळ्यांनी, मग नखाने आणि शेवटी व्हर्नियर या मापकाने. चित्रपटाच्या मूळ मॉडेलांवर कारागिरांनी बाजारातल्या प्लास्टिक किटमधले सुटे भाग चिकटवले होते. यानाला खरेपणा आला तो त्या बारीक तपशिलामुळे, म्हणूनच ओतीव भागाच्या कडा बोथट निघाल्या तर पुढे कितीही चांगला रंग दिला तरी उपयोग नसतो.

या यानाला चार इंजिने असतात आणि तपासणाऱ्याची ती मोठीच सोय आहे. चारही भाग शेजारी ठेवल्यावर जो दोष सगळ्यांत एकाच जागी दिसतो तो मास्टरचा (ज्या मूळ नमुन्यावरून साचा घेतात त्याचा) किंवा साच्याचा, आणि जो एकातच दिसतो तो ओतण्यातला. या संचात मागच्या नळकांड्यांवरची एक कडी चारही ठिकाणी सारखीच दबलेली आहे, त्यामुळे भाग बदलून मागितला तरी त्याच साच्यातला नवा भाग तसाच येईल. एका भागाच्या ओठावर मात्र बुडबुड्यांचे खड्डे आहेत. वाळूच्या साच्यात आपण हवा बाहेर जायला व्हेंट म्हणजे छिद्रे ठेवतो. रेझिनचा साचा दाबाच्या टाकीत ठेवला तर बुडबुडे दिसेनासे होण्याइतके आक्रसतात. ती काळजी इथे कमी पडलेली दिसते.

पुढची तोंडे मात्र उत्तम उतरली आहेत. पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, पंखाखाली झाकली जाईल अशा बाजूला घेतली आहे, आणि हा निर्णय ज्याने घेतला त्याला साचा कळतो, हे मी मनापासून सांगतो. ग्रे आयर्न (करडे ओतीव लोखंड) थंड होताना आकसते, म्हणून त्याचा पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, सुमारे १ टक्का मोठा करावा लागतो. रेझिन त्याहून कमी आकसते, पण नकलेवरून नक्कल काढत गेल्यास ती घट साठत जाते आणि तपशीलही पुसट होतो. इथे चारही तोंडांचे व्यास व्हर्नियरवर जुळले आणि खाचांचे कोपरेही धारदार आहेत.

जोडणीपूर्वी भाग कोमट साबणाच्या पाण्याने धुवावेत, नाहीतर भाग साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या रिलीज एजंटवर रंग धरत नाही. घासकाम पाण्याच्या पॉलिश पेपरनेच आणि मास्क लावून करावे, कारण रेझिनची धूळ फुफ्फुसाला घातक असते. प्लास्टिक किट चिकटवायचा सिमेंट इथे चालत नाही. सुपर ग्लू किंवा इपॉक्सी घ्यावी.

पुढच्या तोंडांसाठी हा संच घेण्याजोगा आहे. मागची नळकांडी मी उद्यमनगरातून ॲल्युमिनियमच्या गजातून लेथवर काढून घेणार आहे, कारण गोल कड्या तिथे हव्या तितक्या धारदार मिळतात.