‘मी तुला चुकवतो’

‘मी तुला खूप चुकवतो.’ हा मेसेज वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच खो-खो हसले होते. ‘आय मिस यू’चं मोबाइलनं केलेलं मराठी! तिथंच सावध व्हायचं, तर मी त्याचीच बाजू घेतली. लहानपणी परदेशी गेलेला, तरी बिचारा मराठीत लिहायची धडपड करतोय.

मी ५१ वर्षांची, साताऱ्यात राहते. हे जाऊन सहा वर्षं झाली. लेकीनंच आग्रह करून विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं. तिथं हा भेटला. आडनाव आपल्यातलं, विधुर, स्कॉटलंडजवळ समुद्रातल्या तेलविहिरीवर इंजिनिअर. दोनच दिवसांत ‘इथं नको, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू’ सुरू झालं. व्हिडिओ कॉलचं नाव काढलं की रेंज नाही. सकाळी सातला गुलाबाच्या फुलासकट ‘सुप्रभात’ मात्र कधी चुकलं नाही. आपल्याकडे सात वाजतात तेव्हा स्कॉटलंडात मध्यरात्र उलटून गेलेली असते, हे आत्ता कळतंय.

अडीच महिने त्यानं एक रुपया मागितला नाही. पैसे मागतो तो भामटा, एवढंच मला ठाऊक. म्हणून न मागणाऱ्यावर जीव जडला.

मग ‘भेटायला येतोय’ म्हणून तिकिटाचा फोटो आला. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून एका बाईचा हिंदीत फोन. विमानतळावरच्या कस्टम्समधून बोलतेय, साहेबांकडे मोठी रक्कम पौंडांत सापडली, ४८,५०० भरा. मागून त्याचा रडवेला आवाज.

बँकेत एनईएफटीची स्लिप भरली. लाभार्थी कुणीतरी परका, खातं बचत. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, ‘‘काकू, ओळखीचे आहेत ना?’’

‘‘मावसभाऊ आहे,’’ मी म्हणाले. हे मला कुणी पढवलं नव्हतं.

दोन दिवसांनी काळा पैसा नसल्याच्या ‘प्रमाणपत्रा’साठी १,३५,०००. तेही भरले. मग २,८०,०००. त्यासाठी ठेव मोडायची, तर तिच्यावर लेकीचंही नाव. तिला फोन करावाच लागला. माझं बोलणं पुरतं ऐकूनसुद्धा न घेता ती म्हणाली, ‘‘आई, स्लिप खाली ठेव.’’

नंतर जे कळलं ते असं. कस्टम्सचं शुल्क कुणाच्या बचत खात्यात जमा होत नाही. परकीय चलन कितीही आणता येतं. नोटा ५,००० डॉलरच्या वर किंवा सगळं मिळून १०,००० डॉलरच्या वर असेल तर उतरल्यावर फॉर्म भरून सांगायचं, एवढंच. कस्टम्सच्या खऱ्या पत्रावर त्या पत्राचा ओळख क्रमांक (डीआयएन) असतो, तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आणि भाचीनं त्याचा फोटो टाकून इंटरनेटवर शोध घेतला, तर तो भलत्याच माणसाचा निघाला. पाच मिनिटांचं काम.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर फोन केला तो पहिले पैसे जाऊन चार दिवस झाल्यावर. दुसऱ्या रकमेतले ३१,००० कुठल्याशा खात्यात गोठवले गेले. बाकीचे तोवर पुढे सरकले होते. हा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो. मी लाज सांभाळत बसले.

गेल्या आठवड्यात एका ‘वकिला’चा फोन आला. ‘‘मॅडम, तुमचे पैसे सापडलेत. फक्त ४,९९९ फी भरा.’’ माझी गेलेली रक्कम त्याला रुपयांनिशी पाठ होती. मी नंबर लिहून घेतला आणि लेकीला हाक मारली.