क्योटोतल्या जुन्या लाकडी घरातलं हॉटेल: माणसं चोख, काम त्याहून चोख

मी साताऱ्यात लाकूडकामाची ठेकेदारी करतो. निम्मं काम नव्या फ्लॅटमधल्या फर्निचरचं, निम्मं वाई-साताऱ्याकडच्या जुन्या घरांच्या दुरुस्तीचं. त्यामुळे कुठंही उतरलो की आधी नजर तुळईकडे आणि चौकटीकडे जाते. मुलगी ओसाकाला नोकरीला आहे. आई, मी आणि मंडळी तिच्याकडे गेलो, तेव्हा तिनं क्योटोत आमचा मुक्काम एका जुन्या ‘माचिया’त ठरवला. ओसाका स्टेशनवरून जेआरची (जपान रेल्वेची) जलद गाडी अर्ध्या तासात क्योटोला पोचवते. अशी छोटी हॉटेलं तिथं बरीच आहेत. कुठलंही निवडलं तरी काय बघून घ्यावं हे कळावं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माचिया म्हणजे व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची घरं. रस्त्याकडे तोंड अरुंद, समोर लाकडी जाळी, आत लांबच लांब खोल्या आणि मध्ये उजेड-वाऱ्यासाठी छोटा चौक. 1950 च्या आधी बांधलेली अशी घरं 2016 च्या सुमाराच्या पाहणीत क्योटोत 40,000 च्या आसपास उरली होती आणि दरवर्षी त्यातली शेकडो पडतायत. म्हणून एखादं कुणी नीट राखलेलं दिसलं की मला मनापासून बरं वाटतं.

आत पाऊल टाकल्यावर मी पहिल्यांदा खांबांचे पाय बघितले. आपल्या वाड्यात खांब तळखड्यावर उभा असतो, इथंही तो दगडावरच टेकवलेला. एका खांबाचा खालचा हातभर भाग कुजला असणार. तेवढाच कापून तिथं नवं लाकूड बसवलंय. सांधा असा, की वरचा आणि खालचा तुकडा एकमेकांच्या खाचेत अडकतो आणि आडव्या पाचरीनं आवळला जातो. खिळा नाही, लोखंडी पट्टी नाही. वरचं लाकूड काळपट, खालचं पिवळसर, आणि ते रंगानं झाकायचा कुणी प्रयत्नही केलेला नाही. मी बोटानं सांधा चाचपला, नखसुद्धा शिरत नव्हतं. आपल्याकडे अशा वेळी सगळा खांबच काढतात, नाहीतर खाली सिमेंट ओततात. सिमेंटमध्ये ओल धरून राहते आणि चार पावसाळ्यांत लाकूड पुन्हा कुजतं. हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. आता दाखवायला फोटो आहेत.

सोयी सगळ्या आहेत, पण त्या घराला धक्का न लावता बसवल्यात. एसी लाकडी पट्ट्यांच्या जाळीमागे. वायरी आणि पाण्याच्या नळ्या पूर्वीच्या मातीच्या बोळातून, नव्या फरशीखालून नेल्यात, एकाही जुन्या तुळईला भोक पाडलेलं नाही. कागदी सरकदारांच्या बाहेरच्या बाजूला दुहेरी काच आहे, त्यामुळे थंडी आत येत नाही आणि आतून मात्र कागदच दिसतो. स्नानगृहाच्या जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्यात, पहाटे अनवाणी गेलं तरी पाय गारठत नाहीत.

खोल्यांत जमिनीवर तातामी आहे. तातामी म्हणजे भाताच्या पेंढ्यावर लव्हाळ्यासारख्या गवताची चटई ताणून शिवलेली जाड गादी. क्योटोकडची साधारण 191 बाय 95 सेंटीमीटर, आणि खोली केवढी हे त्यांच्या संख्येवरून सांगतात. आपल्याकडे घर किती खणांचं हे सांगायचे, तसंच. तिच्यावर चपला नाहीत, बॅगेची चाकंही नाहीत. बॅग उचलून कडेच्या लाकडी जमिनीवर ठेवायची.

आईच्या गुडघ्यांची काळजी होती. आम्ही आधी कळवल्यामुळे तळमजल्याची खोली मिळाली आणि तिच्यासाठी तातामीवर बुटका लाकडी पलंग टाकून दिला. वरच्या खोल्यांचा जिना फार उभा आहे, लिफ्ट नाही. वयस्कर माणसांना वर अजिबात नेऊ नका.

हिनोकी लाकडाचं टब मात्र आईला भारी आवडलं. बाहेर अंग स्वच्छ धुवून मगच आत बसायचं, पाणी गळ्यापर्यंत आणि चाळीस-एक्केचाळीस अंश गरम. बंबाच्या पाण्यावर वाढलेली बाई, तिला ते जेमतेम वाटलं. “अरे, वास किती छान येतोय लाकडाचा,” एवढंच म्हणाली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

जेवणाचं महत्त्वाचं. आई माळकरी आहे. जपानी सूपमध्ये दिसायला भाज्या असल्या तरी खालचं पाणी बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचं असतं. मुलीनं आठवडाभर आधी लिहून कळवलं होतं. त्यांनी आईसाठी कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि सुके शिताके मशरूम भिजवून वेगळं पाणी काढलं, आणि वाढणाऱ्या बाईंनी प्रत्येक वाटी ठेवताना त्यात काय आहे ते सांगितलं. सोयाबीनच्या दुधावर धरलेली साय, म्हणजे युबा, आईनं दोनदा मागून घेतली. परक्या देशात तिचा नेम इतका जपला गेला, यासाठी मी त्या स्वयंपाकघराचा ऋणी आहे.

आता खटकलेलं. खोल्यांमधली सरकदारं पातळ, शेजारच्यांचं बोलणं रात्री ऐकू येतं. दिवे इतके मंद की आईला पोथी वाचता येईना, मागितल्यावर टेबललॅम्प मिळाला. दारांच्या चौकटी सुमारे पावणेसहा फुटांच्या, उंच माणसानं वाकूनच चालावं. आणि मागच्या नव्या भागात छताला लाकडाच्या छापाचं प्लॅस्टिकचं पॅनेल मारलंय. पुढं इतकं सच्चं काम असताना ते तिथं नको होतं. वाढीव खर्च झाला तरी देवदाराची साधी फळी चालली असती.

भाडं महाबळेश्वरच्या ऐन सीझनमधल्या चांगल्या हॉटेलपेक्षाही बरंच जास्त आहे, त्यावर शहराचा मुक्काम-कर वेगळा. वीज 100 व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचा, आपल्या चार्जरला अडॅप्टर लागतो. बुक करताना तळमजला, मागच्या चौकाकडची खोली आणि जुना भाग, असं तिन्ही स्पष्ट लिहून मागा. जेवणाचं पथ्य असेल तर निदान आठवडाभर आधी कळवा आणि त्यांचं उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका.