नवीन मॅनेजर: लगेच कप पाहिजे की थांबायचं?
आमच्या जळगावात इंग्लंडच्या फुटबॉलची मॅच रात्री उशिरा संपते अन् सकाळी टपरीवर चहासोबत मॅनेजरला, म्हणजे टीमच्या मुख्य कोचला, हाकलायची मागणी सुरू होते, अरे भो, दोन महिने तर होऊ द्या.

चेल्सी क्लबचं बघा, जानेवारी २०२१ मध्ये टूखेल आला, मे मध्ये चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप, जिंकली, अन् सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला घरी पाठवला. कप आला हे खरं, पण टीम बरीचशी तयार मिळाली होती हे कोणी बोलत नाही.

आर्सेनलचा अर्टेटा वेगळा, डिसेंबर २०१९ ला आला, पहिल्या सीझनला इंग्लंडचा एफए कप मिळाला पण लीगमध्ये लागोपाठ दोनदा आठवा, तेव्हा आमच्या ग्रुपवर रोज शिव्या खायचा, मी पण दिल्यात. मग पाचवा, मग दुसरा. रावेरच्या केळीचा घड कापायलाही वर्षभर लागतं ना, इथं तर जुने प्लेअर काढून नवे बसवायचे असतात.

मला थांबणंच पटतं, पण डोळे झाकून नाही. पहिल्या वर्षी ट्रॉफी राहू द्या, खेळ बदलतोय एवढं तरी दिसलं पाहिजे. मोयेसला मँचेस्टर युनायटेडने २०१३ मध्ये सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देऊन दहा महिन्यांत काढला, ते मला तेव्हाही बरोबर वाटलं, आदल्या सीझनची चॅम्पियन टीम सातव्या नंबरवर होती भाऊ.