डी-थ्री: पुडी, गोळी की थेंब? बाळाच्या दातांच्या हिशेबाने

नाशिकमध्ये गोळे कॉलनीपासून सातपूरपर्यंत कुठल्याही मेडिकलवर नुसतं ‘डी-थ्री द्या’ (म्हणजे कॅल्शियम शोषायला लागणारं जीवनसत्त्व डी) म्हटलं, की बहुधा 60,000 युनिटची पुडीच हातात पडते. घरात गरोदर बाई असेल तर ती तशीच घेऊन येऊ नका.

आधी दातांचं वेळापत्रक. दुधाच्या पुढच्या दातांवर इनॅमल, म्हणजे वरचा कडक थर, चढायला गरोदरपणाच्या साधारण 14व्या आठवड्यात सुरुवात होते. मागच्या दाढांचं काम बाळ 10-11 महिन्यांचं होईपर्यंत चालतं. या काळात कॅल्शियम नीट मिळालं नाही तर थर कच्चा राहतो, त्यावर पांढुरके डाग किंवा खळगे दिसतात. त्या खळग्यांत ब्रश पोचत नाही, साखर मात्र पोचते.

रोजची 1000 किंवा 2000 युनिटची गोळी आमच्या मते सगळ्यांत बरी. पाकिटावर मायक्रोग्रॅम लिहिले असतील तर 40ने गुणा: 25 म्हणजे 1000 युनिट. डेन्मार्कमध्ये 24व्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर एक आठवड्यापर्यंत एका गटाला रोज 2800 आणि दुसऱ्याला 400 युनिट दिले होते. 2019 साली निकाल आला: जास्त मात्रेच्या गटातल्या मुलांत सहाव्या वर्षी इनॅमलचे दोष जवळपास निम्मे, पण कीड दोन्ही गटांत सारखीच. म्हणजे गोळी भिंत पक्की करते, राखण करत नाही. आपल्याकडे ‘एनआयएन’ने (राष्ट्रीय पोषण संस्थेने) गरोदरपणासाठी रोजची गरज 600 युनिट धरली आहे, त्यापुढची मात्रा डॉक्टरांनी ठरवायची.

सरकारी कॅल्शियमची गोळी फुकट मिळते म्हणून तिला कमी लेखू नये. एका गोळीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 250 युनिट डी-थ्री. चौथ्या महिन्यापासून रोज दोन, म्हणजे 500 युनिट तिथेच मिळाले. गोळी मोठी आणि खडूसारखी लागते, ही तक्रार खरी. मोठी चूक वेगळीच होते: लोहाची गोळी आणि ही एकाच घोटात. कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही, त्यामुळे मध्ये किमान दोन तास ठेवा. कॅल्शियमच्या दोन गोळ्याही एकदम नकोत, आणि उपाशीपोटी तर नकोच.

पुडी वाईट नाही, पण ती रक्ततपासणीत 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (रक्तात मोजलं जाणारं डी) कमी निघालेल्यांसाठी, चिठ्ठीवर, बहुतेक वेळा आठवड्यातून एक. ‘रोज एक’ असं ऐकून महिनाभर घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं: मळमळ, तहान, बद्धकोष्ठ. गरोदरपणात हे सगळं ‘होतंच असं’ म्हणून खपून जातं, हा खरा धोका. मऊ कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं. शाकाहारी घरांनी विचारून घ्यावं.

बाळाच्या थेंबांच्या बाटलीवर 400 प्रति मिली आहे की 800, ते आधी वाचा. रोजची मात्रा 400 युनिट, म्हणजे पहिलीतून 1 मिली आणि दुसरीतून अर्धा. ड्रॉपर त्याच बाटलीचा हवा. जुन्या बाटलीचा दुसरीत घातला की हिशेब चुकलाच. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व फार कमी असतं, त्यामुळे ‘बाळ अंगावर पितंय, थेंब कशाला’ हे चालत नाही.

सकाळी सातचं कोवळं ऊन यासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. त्या वेळी त्वचेत डी-थ्री बनवणारे यूव्हीबी किरण जवळजवळ पोचतच नाहीत, आणि गंगापूर रोडच्या फ्लॅटमधल्या बंद काचेतून तर दुपारीही नाहीत.

आणि थेंबांच्या बाटलीशेजारीच मांडलेली स्ट्रॉबेरीची टूथपेस्ट घेताना खोक्यावर फ्लोराइड किती ते पाहा. पहिला दात दिसला की 1000 पीपीएमची पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढी, दिवसातून दोनदा. रात्री घासल्यावर दुधाची बाटली तोंडात नको.