बॅलरॅट की बेंडिगो? सोन्याच्या शहरात पायी फिरायचं तर…

मेलबर्नच्या मराठी घरांत आई-बाबा भारतातून आले की आधी ग्रेट ओशन रोड होतो, मग पेंग्विन होतात आणि तिसऱ्या शनिवार-रविवारी कुणीतरी सॉव्हरिन हिलचं नाव काढतं. जागा चांगलीच आहे. पण ते १९७० साली सुरू झालेलं खुलं संग्रहालय आहे. तिथली दुकानं, घोडागाड्या, ओढ्याच्या वाळूत सोनं शोधायचा खेळ, हे सगळं नव्याने उभारलेलं. ज्या शहरात ते आहे त्या बॅलरॅटचे खरे जुने रस्ते दोन-तीन किलोमीटरवर बिनतिकीट उघडे असतात आणि तिकडे आपल्यातलं फारसं कुणी वळत नाही.

तेव्हा मुलांना फक्त सॉव्हरिन हिलच दाखवायचं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, बॅलरॅटला जा. हा आढावा आहे तो ज्यांना सोन्याच्या काळातलं शहर पायी बघायचंय, पण दिवस एकच आहे, त्यांच्यासाठी. खरी निवड दोनच शहरांत आहे. माझा कौल आधीच सांगून टाकतो: गाइड न घेता आपले आपण फिरणार असाल तर बेंडिगो. गोष्ट ऐकायची हौस असेल आणि जाणता गाइड मिळत असेल तर बॅलरॅट.

दोन्हीकडे सोनं सापडलं ते एकाच वर्षी, १८५१मध्ये. त्याच वर्षी १ जुलैला व्हिक्टोरिया ही न्यू साउथ वेल्सपासून वेगळी वसाहत झाली होती. तेव्हा तिची लोकसंख्या होती ७७ हजारांच्या आसपास. दहा वर्षांत ती ५ लाख ४० हजारांच्या घरात गेली. ज्यांच्या जमिनीवर ही झुंबड उडाली ते बॅलरॅटकडचे वाडावुरुंग आणि बेंडिगोकडचे जा जा वुरुंग लोक मात्र नेहमीच्या हेरिटेज फेरीत एखाद्या वाक्यात उरकले जातात. गाइडला मुद्दाम विचारा.

सोनं मात्र दोन ठिकाणी वेगवेगळ्या तऱ्हेने बसलेलं होतं, आणि आज फिरताना जो फरक जाणवतो त्याचं मूळ मला तिथेच दिसतं. बॅलरॅटला सुरुवातीचं सोनं मातीवाळूत होतं, जुन्या ओढ्यांच्या गाळात. कुदळ, घमेलं आणि दोन-चार साथीदार असले की कुणीही खणायला लागायचा. त्यामुळे सरकारशी भांडणही एकेकट्या माणसाचं झालं. बेंडिगोला वरवरचं सोनं संपल्यावर खरा खजिना निघाला तो गारगोटीच्या शिरांमध्ये, खूप खोल. तिथे कंपन्या लागल्या, शेअर लागले, वाफेची यंत्रं लागली. जॉर्ज लॅन्सेलसारखा माणूस त्यावर ‘क्वार्ट्झ किंग’, म्हणजे गारगोटीचा राजा, झाला. बॅलरॅटलाही पुढे कंपन्या आल्या, पण त्या शहराची ओळख ठरली ती भांडणाने. बेंडिगोची ठरली पैशाने.

बॅलरॅट: ऐकायचं शहर

चालायची सोय इथे उत्तम. रेल्वे स्टेशनच लिडियार्ड स्ट्रीटवर आहे. बाहेर पडलात की फेरी सुरू. त्याच रस्त्यावर १८८४ साली स्थापन झालेली आर्ट गॅलरी, खाणींच्या शेअरचे सौदे व्हायचे ते मायनिंग एक्स्चेंज, १८७५चं हर मॅजेस्टीज थिएटर आणि मार्क ट्वेन १८९५च्या दौऱ्यात जिथे उतरला ते क्रेग्ज हॉटेल. काटकोनात स्टर्ट स्ट्रीट लागतो, मध्ये बाग आणि पुतळ्यांची रांग असलेला प्रशस्त रस्ता. तिथून उताराने ब्रिज मॉलकडे जा. मॉल संपून मेन रोड लागला की सरळ आखलेलं शहर अचानक वाकडंतिकडं होतं. वरचा भाग सर्व्हेअरने आखलेला. खालचा, खणणाऱ्यांच्या तंबूंमधून जशी वाट पडली तसा वळत गेलेला. ही दोन गावं १९२१पर्यंत वेगळ्या नगरपालिकांत होती. यारोवी नदी इथेच रस्त्याखालच्या बोगद्यातून वाहते, वरून चालणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

आणि नेमकी हीच बॅलरॅटची अडचण आहे. महत्त्वाचं ते डोळ्यांना दिसत नाही.

खाणकामगाराला सोनं सापडो न सापडो, परवान्याचे पैसे भरावेच लागत. सुरुवातीला ते महिन्याला ३० शिलिंग होते. परवाना तपासायला पोलीस छापे घालायचे. १८५४च्या ऑक्टोबरमध्ये जेम्स स्कोबी या खाणकामगाराचा खून झाला, संशयित हॉटेलवाला सुटला आणि चिडलेल्या जमावाने त्याचं युरेका हॉटेल जाळलं. नोव्हेंबरच्या अखेरीस बेकरी हिलवरच्या सभेत परवाने पेटवले गेले, निळ्या कापडावर पांढरा क्रॉस आणि तारे असलेला झेंडा चढला. ३ डिसेंबरच्या रविवारी पहाट होता होता सैन्याने खाणकामगारांनी उभारलेला लाकडी कोट, म्हणजेच युरेका स्टॉकेड, फोडला. सगळं अर्ध्या तासाच्या आत आटोपलं. वीसहून अधिक खाणकामगार मेले. राजद्रोहाच्या खटल्यात उभे केलेले १३ही जण पुढच्या वर्षी निर्दोष सुटले, आणि परवान्याच्या जागी वर्षाला एक पौंडाचं हक्कपत्र आलं, त्याच्यासोबत मताचा अधिकारही.

आता बेकरी हिलवर जाऊन उभे राहा. रहदारी आणि दुकानं, बाकी काही नाही. कोट नेमका कुठे होता यावर अजून वाद आहे. स्टर्ट स्ट्रीटवर बंडाचा नेता पीटर लॉलरचा पुतळा आहे, पण तो विधानसभेच्या सभापतीच्या झग्यात! ज्याचा डावा हात त्या पहाटेच्या गोळीबारात गेला, तोच माणूस पुढे सभापती झाला, हे कुणी सांगितलं नाही तर तो पुतळा म्हणजे कुणीतरी एक साहेब. बंडाच्या बाजूने लिहिणारा ‘बॅलरॅट टाइम्स’चा संपादक हेन्री सीकॅम्प तुरुंगात गेला, आणि १८५६मध्ये लोला माँटेझ या नर्तकीने, आपल्याविरुद्ध छापलं म्हणून, त्यालाच चाबकाने झोडलं. असल्या गोष्टी फलकावर वाचण्यात मजा नाही, त्या सांगणाऱ्याच्या तोंडूनच ऐकाव्यात.

मूळ झेंडा मात्र बघायला मिळतो, युरेका सेंटरमध्ये. लोकांनी आठवण म्हणून तुकडे कापून नेल्यामुळे तो फाटका आहे. काचेमागचं ते मोठं, विटलेलं कापड मला अख्ख्या बॅलरॅटमधली सर्वांत बघण्यासारखी वस्तू वाटते. पण सेंटर मध्यवर्ती भागापासून दोनेक किलोमीटर पूर्वेला आहे, हे पायांच्या हिशेबात धरा.

बेंडिगो: बघायचं शहर

स्टेशनातून मिचेल स्ट्रीटने दहा-पंधरा मिनिटं चाललं की चेरिंग क्रॉसचं कारंजं येतं, १८८१चं अलेक्झांड्रा फाउंटन. विल्यम व्हालँड या जर्मन वास्तुकाराचं हे काम. शहरातल्या कितीतरी इमारतींवर त्याचा हात फिरलेला आहे. उजवीकडे पॅल मॅल. १८८७चं पोस्ट ऑफिस, १८९६चं न्यायालय आणि १८९७चं शॅमरॉक हॉटेल, तिन्ही एकाच रस्त्यावर. खाणीचा पैसा कसा दिसतो हे समजायला इथे गाइड लागत नाही. पोस्टाची पत्रं टाकायला एवढा महाल कशाला, हा प्रश्न आईने विचारला की उत्तर समोरच असतं. मागे रोझालिंड पार्क, त्यात खाणीवरचा जुना लोखंडी मनोरा आणून उभा केलाय. गुडघे बरे असतील तर वर चढा, सगळं शहर पायाशी दिसतं.

भांडण बेंडिगोलाही झालं होतं. १८५३मध्ये इथल्या लोकांनी टोपीला लाल फीत बांधून परवान्याविरुद्ध चळवळ केली, पाच हजारांवर सह्यांचा अर्ज मेलबर्नला नेऊन दिला. रक्त सांडलं नाही, म्हणून झेंडाही नाही आणि त्याचं संग्रहालयही नाही.

इथली मला भावलेली बाजू चिनी आहे. १८५५मध्ये व्हिक्टोरियाने बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंड कर बसवला. तो चुकवायला हजारो लोक शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब बंदरावर उतरले आणि शेकडो किलोमीटर चालत सोन्याच्या मुलखात आले. त्यांच्यातल्या लोकांनी १८७०च्या सुमारास बांधलेलं लाल विटांचं जॉस हाउस मंदिर गावाच्या उत्तरेला आजही उभं आहे; मुख्य देव ग्वान दी. गोल्डन ड्रॅगन म्युझियममध्ये १९०१च्या मेलबर्नच्या मिरवणुकीत नाचलेला ‘लूंग’ हा चिनी ड्रॅगन ठेवलाय. ईस्टरच्या मिरवणुकीत आता ‘दाइ गम लूंग’ असतो, लांबी सव्वाशे मीटरच्या आसपास.

ज्येष्ठांसाठी बेंडिगोची बाजू आणखी भक्कम होते ती ट्रॅममुळे. सेंट्रल डेबोरा खाणीपासून जॉस हाउसपर्यंत जुनी ट्रॅम चालते, वाटेत माहिती ऐकवते. चालून थकलेल्यांना तिच्यात बसवता येतं. १९३९ ते १९५४ चाललेल्या या खाणीत खाली उतरताही येतं. सर्वांत सोपी फेरी ६१ मीटरची. बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांना वरच चहा पाजा.

खाण्याचं थोडक्यात: युनेस्कोने बेंडिगोला २०१९मध्ये खाद्यसंस्कृतीचं शहर म्हटलंय. तरी चालायच्या दिवशी दशमी-चटणी बरोबर असू द्या, रोझालिंड पार्कमध्ये बसायला सावली आहे.

ऋतू आणि प्रवास

बॅलरॅट उंचावर, सव्वाचारशे मीटरच्या वर. जुलैतला तिथला वारा पुण्या-नाशिकहून आलेल्या माणसाला सोसवत नाही. हिवाळ्यात बेंडिगोच बरं. उलट जानेवारीच्या उन्हाळ्यात बेंडिगो तापतं, तेव्हा बॅलरॅट. मे महिन्यात बॅलरॅटचा हेरिटेज महोत्सव असतो. थंडी सोसणार असाल तर माझा कौल तेवढ्यापुरता उलटा समजा.

बॅलरॅट मेलबर्नपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, आगगाडीने दीड तास. बेंडिगो दीडशे किलोमीटर, जवळपास दोन तास. एका दिवसात दोन्ही करायचा मोह टाळा: मधलं अंतर १२० किलोमीटरच्या आसपास आहे आणि थेट पॅसेंजर रेल्वे नाही. गाडी आणि दोन दिवस असतील तर वाटेत कॅसलमेन घ्या. ईस्टरला बेंडिगोत मुक्काम करायचा तर खोली फार आधी धरावी लागते. आणि शनिवार-रविवारी रुळांची कामं निघाली की आगगाडीऐवजी बस मिळते, तेव्हा आदल्या रात्री वेळापत्रक बघूनच डबा भरा.